बेंग्ट वेस्टरबर्ग आणि स्वीडनचा उदारमतवादी पक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमध्ये बाबा मंडळी महिनोन्‌महिने रजा घेऊन तान्ह्या बाळाला सांभाळतात, हे आता आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. तिथल्या दिव्यांग माणसाला सरकारी खर्चाने स्वतःचा मदतनीस निवडता येतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. वडिलांसाठी राखीव महिना आणि मदतनिसाचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच मंत्र्याच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत कायद्यात आल्या. त्या मंत्र्याबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकत्र करून त्यांची सविस्तर उत्तरं इथे दिली आहेत.

बेंग्ट वेस्टरबर्ग कोण?

स्वीडनच्या उदारमतवादी पक्षाचे १९८३ ते १९९५ या काळातले अध्यक्ष. १९९१ ते १९९४ या तीन वर्षांत ते समाजकल्याण मंत्री आणि उपपंतप्रधान होते. स्त्री-पुरुष समानतेचं खातंही त्यांच्याकडेच होतं. जन्म २३ ऑगस्ट १९४३चा, स्टॉकहोमजवळच्या सोडरटेल्ये या औद्योगिक गावातला.

आडनावाचा उच्चार नक्की काय?

स्वीडिश लोक शब्दाच्या शेवटी येणारा ‘बर्ग’ हा ‘बेर्य’सारखा म्हणतात, त्यातला ‘य’ जेमतेम ऐकू येतो. म्हणजे ‘वेस्टरबेर्य’. मराठीत ‘वेस्टरबर्ग’ रुळलेलं आहे, इथेही तेच ठेवलं आहे. स्वीडनमध्ये त्यांना कुणी साहेब वगैरे म्हणत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मंत्र्यापासून शिपायापर्यंत सगळे एकमेकांना एकेरीतच हाक मारतात. मराठीत लिहिताना मात्र ‘ते’ म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

‘उदारमतवादी’ म्हणजे रानडे-गोखल्यांच्या अर्थाने, की आजच्या बाजारवादी अर्थाने?

थोडं दोन्ही, पण मूळ वेगळं आहे. मराठी वाचकाला हा शब्द ऐकला की मवाळ पुढारी, सभा-परिषदा, सनदशीर मार्ग आठवतो. स्वीडनमध्ये या विचाराला दोन पाय होते. एक शहरातल्या सुशिक्षितांचा आणि वृत्तपत्रांचा, दुसरा खेड्यापाड्यांतल्या स्वतंत्र चर्चचा आणि दारूबंदी चळवळीचा. दारूबंदीच्याच प्रश्नावर त्यांच्यात फूट पडली. १९२२मध्ये देशव्यापी सार्वमत झालं, दारूबंदी अगदी थोडक्यात हरली आणि पुढच्याच वर्षी पक्षाचे दोन तुकडे झाले. ते पुन्हा जुळले १९३४मध्ये, आणि त्यातून ‘फोल्कपार्टीएट’, म्हणजे लोकपक्ष, उभा राहिला. १९९०मध्ये नावापुढे ‘लिबरालेर्ना’ जोडलं गेलं आणि २०१५पासून नुसतं ‘लिबरालेर्ना’ उरलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पक्षाचं नेतृत्व दोन दशकांहून अधिक काळ बर्टिल ओलिन यांनी केलं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सिद्धान्तासाठी १९७७मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच हे ओलिन. कॉलेजात ‘हेक्शर-ओलिन’ शिकलेल्या वाचकांना नाव ओळखीचं वाटेल. त्यांच्या काळात पक्षाने एक भूमिका पक्की केली : बाजारपेठ मोकळी असावी, पण आजारी, म्हातारा, अपंग माणूस बाजाराच्या भरवशावर सोडू नये. कामगारांच्या बाजूने त्यांच्या संघटना बोलतात, उद्योगपतींच्या बाजूने त्यांचे संघ बोलतात. ज्यांच्या बाजूने कुणीच बोलत नाही अशांना हा पक्ष ‘विसरलेला स्वीडन’ म्हणायचा. हा शब्दप्रयोग जुना, पण वेस्टरबर्ग यांनी तो पुन्हा जागा केला आणि त्याला कामाला लावलं.

ते राजकारणात कसे आले?

सभा गाजवून नाही, फायलींतून आले. १९७६ ते १९८२ या काळात स्वीडनमध्ये समाजवादी नसलेल्या पक्षांची वेगवेगळी सरकारं आली आणि गेली. त्यात १९७८-७९चं एक सरकार तर एकट्या लोकपक्षाचं होतं. ३४९ जणांच्या संसदेत अवघे ३९ खासदार, आणि पंतप्रधान ऊला उल्स्टेन. या काळात वेस्टरबर्ग आधी उद्योग मंत्रालयात आणि नंतर अर्थसंकल्प खात्यात राज्यसचिव होते. स्वीडनमध्ये हे मंत्र्याच्या लगेच खालचं, राजकीय नेमणुकीचं पद असतं. सगळी आकडेमोड, वाटाघाटी, मसुदे तिथून जातात.

१९८२च्या निवडणुकीत पक्षाला ५.९ टक्के मतं मिळाली. संसदेत शिरायला किमान ४ टक्के लागतात, म्हणजे पक्ष कड्यावरच उभा होता. पुढच्या वर्षी उल्स्टेन बाजूला झाले आणि चाळिशीतल्या, लोकांना फारशा माहीत नसलेल्या वेस्टरबर्ग यांच्याकडे सूत्रं आली. त्या वेळी ते खासदारही नव्हते.

‘वेस्टरबर्ग परिणाम’ म्हणजे काय?

१९८५च्या निवडणुकीत लोकपक्ष ५.९ टक्क्यांवरून थेट १४.२ टक्क्यांवर गेला, २१ जागांच्या ५१ झाल्या. त्या उसळीला स्वीडिश पत्रकारांनी हे नाव दिलं.

कारणं अशी. त्या वर्षी उजव्या बाजूचा मोठा मॉडरेट पक्ष ‘व्यवस्था बदलायची’ अशी भाषा बोलत होता आणि लोकांना कल्याणकारी योजनांची काळजी वाटू लागली होती. डावीकडे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे त्याच भीतीवर बोट ठेवत होते. या दोघांच्या मधोमध एक माणूस दूरचित्रवाणीवर येऊन शांतपणे, आवाज न चढवता, आकड्यांसकट सांगायचा : हे परवडेल, हे परवडणार नाही, आणि हे परवडत नसलं तरी करायलाच हवं. लोकांना तो पटला. दीर्घकाळ रुग्णालयात राहणाऱ्या वृद्धांना अनोळखी माणसांसोबत एका खोलीत न ठेवता स्वतःची खोली मिळावी, ही त्यांची त्या काळातली एक ठळक मागणी होती. मागणी छोटी दिसते. पण आयुष्याची शेवटची वर्षं पडद्याआड, शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसाचं कण्हणं ऐकत काढणाऱ्याला तिचं मोल विचारा.

सत्ता मात्र पाल्मे यांच्याकडेच राहिली. पुढे पक्षाची टक्केवारी प्रत्येक निवडणुकीत उतरत गेली : १९८८मध्ये १२.२, १९९१मध्ये ९.१, १९९४मध्ये ७.२.

विरोधी बाकांवर असताना त्यांनी काही साधलं का?

हो, आणि तेही मोठं. १९८९च्या शरद ऋतूत सोशल डेमोक्रॅट सरकार आणि लोकपक्ष यांच्यात कररचनेवर समझोता झाला. तिथे त्याला ‘शतकातली करसुधारणा’ म्हणतात. १९९१पासून बहुसंख्य नोकरदारांवर फक्त स्थानिक संस्थांचा सुमारे ३० टक्के आयकर राहिला, सर्वाधिक मिळकतीवरचा दर साधारण ५० टक्क्यांवर आला, भांडवली उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लागला आणि सवलतींची असंख्य भोकं बुजवली गेली. पक्षाच्या बाजूने वाटाघाटींत आने विब्ले पुढे होत्या, त्या बर्टिल ओलिन यांच्या कन्या. पुढे १९९१मध्ये त्या स्वीडनच्या पहिल्या महिला अर्थमंत्री झाल्या.

विरोधी पक्षाने सरकारसोबत बसून एवढा मोठा निर्णय घ्यायचा, आणि श्रेयासाठी भांडत न बसता पुढच्या निवडणुकीत पुन्हा विरोधात उभं राहायचं, हे आपल्याला नवल वाटेल. स्वीडनमध्ये अल्पमतातली सरकारं ही नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे तडजोड हा तिथे कमीपणा मानला जात नाही.

सोफ्यावरून उठून जाण्याची ती गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि स्वीडनमध्ये मध्यमवयीन माणसाला वेस्टरबर्ग म्हटलं की बहुधा तेच दृश्य आठवतं.

१५ सप्टेंबर १९९१ची रात्र. मतमोजणी चालू, दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत पक्षनेत्यांची बसायची सोय केलेली. त्या निवडणुकीत ‘न्यू देमोक्राती’ नावाचा जेमतेम काही महिन्यांचा पक्ष ६.७ टक्के मतं घेऊन संसदेत पोचला होता. त्याचे दोन पुढारी : सरदार घराण्यातले उद्योगपती इयान वाख्तमेइस्टर, आणि रेकॉर्ड कंपनी व करमणूक पार्क चालवणारे बर्ट कार्लसन. कर कमी करा, नोकरशाही हाकला, आणि स्थलांतरितांवरचा खर्च थांबवा, असा त्यांचा सूर. हे दोघं स्टुडिओत येऊन बसायला लागले तसे वेस्टरबर्ग उठले आणि निघून गेले.

अनेकांनी त्याला नाटक म्हटलं, काहींनी उद्धटपणा म्हटलं. मला तसं वाटत नाही. परक्या देशातून आलेल्या माणसांच्या जिवावर मतं मागणाऱ्यांशी हसून गप्पा मारल्या की ते चारचौघांतले ठरतात, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. त्याच हिवाळ्यात स्टॉकहोममध्ये एक माणूस लेझरची दुर्बीण लावलेल्या बंदुकीने काळ्या केसांच्या, सावळ्या लोकांवर गोळ्या झाडत फिरत होता. स्थलांतरित घाबरून घराबाहेर पडेनासे झाले होते. तेव्हा सोफ्यावर कोण कुणाशेजारी बसतं, याला अर्थ होता.

पण त्यांचं सरकार तर त्याच पक्षाच्या मतांवर टिकून होतं ना?

हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळता येत नाही. मॉडरेट पक्षाचे पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या नेतृत्वाखालच्या चार पक्षांच्या आघाडीकडे १७० जागा होत्या, बहुमताला १७५ लागतात. न्यू देमोक्रातीकडे २५. त्यांनी तटस्थ राहायचं किंवा सोबत मत द्यायचं, तरच सरकारचे प्रस्ताव पुढे सरकायचे. म्हणजे ज्यांच्याशेजारी बसायला वेस्टरबर्ग यांनी नकार दिला, त्यांच्या मूक संमतीवर त्यांचं मंत्रिपद उभं होतं.

त्यांनी यात रेषा अशी ओढली : त्या पक्षाशी करार करायचा नाही, निर्वासितांच्या धोरणात त्यांना बोट घालू द्यायचं नाही, मत हवं असेल तर आधी सोशल डेमोक्रॅटांचा दरवाजा वाजवायचा. ही रेषा बऱ्यापैकी टिकली. जून १९९३मध्ये, बेकारी वाढत असताना, याच सरकारने बोस्नियाच्या युद्धातून पळून आलेल्या सुमारे ४० हजार निर्वासितांना कायमचा निवास देण्याचा निर्णय घेतला. खात्याच्या मंत्री होत्या लोकपक्षाच्याच बिर्गिट फ्रिगेबू. त्याच निर्णयासोबत बोस्नियाच्या नागरिकांना व्हिसाची अटही लागली, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी दार बरंचसं बंद झालं. ही दुसरी बाजू बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

१९९२च्या आर्थिक संकटात समाजकल्याण मंत्री काय करत होते?

पैसे कापत होते, दुसरं काय. स्थावर मालमत्तेचा फुगा फुटला, बँका बुडायला आल्या, सलग तीन वर्षं राष्ट्रीय उत्पन्न घटलं. क्रोना या स्वीडिश चलनावर सट्टेबाजांचा हल्ला झाला तेव्हा १६ सप्टेंबर १९९२ला मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. छपाईतली चूक नाही, पाचशेच. त्या महिनाअखेरीला सरकारने विरोधी सोशल डेमोक्रॅटांसोबत दोन बचत-करार केले. त्यातून आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार न मिळण्याचा नियम आला, तो १९९३पासून लागू झाला. १९ नोव्हेंबरला अखेर क्रोना बाजारावर सोडून द्यावाच लागला.

पुढचे दोन प्रश्न वाचताना हा काळ डोळ्यांसमोर ठेवावा. तिजोरी भरलेली असताना हक्क देणं सोपं असतं.

एलएसएस कायदा नेमका काय आहे?

माझ्या दृष्टीने वेस्टरबर्ग यांच्या कारकिर्दीचा गाभा हाच.

एलएसएस हे स्वीडिश नावाचं लघुरूप, अर्थ साधारण ‘विशिष्ट अपंगत्व असलेल्या व्यक्तींना आधार आणि सेवा देण्याचा कायदा’. संसदेने तो मे १९९३मध्ये मंजूर केला, १ जानेवारी १९९४पासून तो लागू झाला. त्यात दहा प्रकारच्या सेवा आहेत : सल्ला, सोबत करणारी व्यक्ती, पालकांना उसंत मिळावी म्हणून थोड्या दिवसांची व्यवस्था, गटनिवास, दिवसभराचं काम आणि इतर. सगळ्यांत क्रांतिकारक सेवा म्हणजे व्यक्तिगत मदतनीस.

कल्पना अशी. ज्याला अंघोळ, कपडे, जेवण, बोलणं यांसारख्या मूलभूत गोष्टींसाठी दुसऱ्याची मदत लागते, त्याला तासांच्या हिशेबाने मदत मंजूर होते. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला २० तासांहून अधिक लागत असतील तर खर्च केंद्र सरकारच्या विमा यंत्रणेकडून, कमी असतील तर नगरपालिकेकडून. मदतनीस कोण, तो कधी येणार, काय करणार हे ठरवायचं त्या व्यक्तीने. पालिकेकडून माणूस घ्या, सहकारी संस्थेकडून घ्या, कंपनीकडून घ्या, किंवा स्वतःच मालक होऊन नेमा. मंजूर झालं नाही तर कोर्टात दाद मागता येते. ही कुणाची मेहरबानी नाही, हा हक्क आहे.

याचं श्रेय एकट्या मंत्र्याचं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले आडोल्फ रात्स्का अमेरिकेत शिकले, तिथली ‘स्वतंत्र जगण्याची’ चळवळ त्यांनी पाहिली आणि स्टॉकहोमला आल्यावर १९८०च्या दशकात दिव्यांगांची सहकारी संस्था उभारून मदतनिसांचा प्रयोग करून दाखवला. कायद्यामागची सरकारी चौकशी समिती आधीच्या सोशल डेमोक्रॅट सरकारने नेमली होती. त्या सरकारमधले मंत्री बेंग्ट लिंडक्विस्ट स्वतः अंध होते. वेस्टरबर्ग यांचा वाटा हा की देश बुडत असताना, अर्थखातं पै-पै मोजत असताना, त्यांनी ही सुधारणा ‘नंतर बघू’च्या कपाटात जाऊ दिली नाही. १९९४मध्ये दिव्यांगांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालही नेमला गेला.

थोडं स्वतःचं सांगते. माझा चुलतभाऊ लहानपणापासून चाकाच्या खुर्चीवर आहे. त्याला उठवणं, अंघोळ घालणं, कपडे चढवणं काकूने केलं, आणि तिची कंबर गेल्यावर वहिनीने. भाऊ हुशार आहे, विनोदी आहे, क्रिकेटचे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. पण आज किती वाजता अंघोळ करायची हे त्याने आयुष्यात कधी ठरवलेलं नाही. स्वीडनच्या या कायद्याचं पाचवं कलम वाचलं तेव्हा मला तोच आठवला. इतरांसारखं जगता यावं, हे ध्येय तिथे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं आहे.

त्याचा खर्च हाताबाहेर गेला, असं म्हणतात ते?

अंदाज चुकला, हे खरं. सुरुवातीला सुमारे सात हजार लोकांना मदतनीस लागतील असा हिशेब होता. वीस वर्षांत ही संख्या सोळा हजारांच्या आसपास पोचली, आणि प्रत्येकाला लागणारे तासही अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. काही ठिकाणी बनावट दावेही उघड झाले. पण मूळ चूक अशी की आधी किती माणसं घरात, संस्थांत, आयांच्या पाठीवर दिवस काढत होती हे कुणी मोजलंच नव्हतं. २००९मधल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या एका निकालानंतर ‘मूलभूत गरज’ या शब्दाचा अर्थ आकसत गेला आणि अनेकांचे तास कापले गेले. पद सोडून कितीतरी वर्षं झाल्यावरही वेस्टरबर्ग या कपातीविरुद्ध लिहीत, बोलत राहिले.

‘वडिलांचा महिना’ त्यांनी आणला, म्हणजे त्याआधी वडिलांना रजा नव्हती का?

होती. उलट स्वीडन या बाबतीत जगात पहिला. १९७४मध्येच तिथे बाळंतपणाच्या रजेच्या जागी ‘पालक विमा’ आला आणि आई-वडील दोघांनाही पगारी रजा घेता येऊ लागली. अडचण वेगळीच होती : वडील ती घेतच नव्हते. सुरुवातीला त्यांचा वाटा एका टक्क्यालाही पोचत नव्हता. कागदावर हक्क दोघांचा, पण व्यवहारात आईनेच घरी बसायचं. साहेब काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, पगार कुणाचा जास्त, या सगळ्याचा कौल ठरलेला.

वेस्टरबर्ग स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवत. त्यांनी उपाय साधा काढला : प्रत्येक पालकाचा एक महिना दुसऱ्याला देता येणार नाही. वडिलांनी घेतला नाही तर तो वाया जाईल. हा नियम १ जानेवारी १९९५पासून लागू झाला. नॉर्वेने त्याआधी दोन वर्षं असं केलं होतं.

आघाडीतल्या परंपरावादी मंडळींना हे रुचलं नाही. कुटुंबात कोण काय करणार हे सरकारने सांगू नये, असा त्यांचा युक्तिवाद. शेवटी सौदा झाला. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना लहान मूल घरी सांभाळणाऱ्यांसाठी महिना २ हजार क्रोनांचा भत्ता हवा होता, तो मिळाला. लोकपक्षाला वडिलांचा महिना मिळाला. नंतर आलेल्या सोशल डेमोक्रॅटांनी भत्ता लगेच काढून टाकला, महिना ठेवला. २००२मध्ये त्याचे दोन महिने झाले, २०१६मध्ये तीन. आज एकूण दिवसांपैकी साधारण ३० टक्के दिवस वडील घेतात.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. पंधरा दिवसांत माणूस बारसं उरकतो. महिनाभर एकट्याने बाळ सांभाळल्यावर मात्र त्याला कळतं की दुपारी दोन वाजता रडणारं मूल आणि गॅसवरचं दूध एकाच वेळी कसं सांभाळायचं असतं. दोन्हींत फरक आहे.

याच सुमारास आणखी एक कायदा झाला : नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या पालकांच्या एक ते बारा वर्षांच्या मुलांना नगरपालिकेने विनाविलंब पाळणाघरात किंवा शाळेनंतरच्या केंद्रात जागा द्यायलाच हवी. तोही १९९५च्या सुरुवातीपासून लागू झाला. या दोन कायद्यांना एकमेकांपासून तोडून पाहता येत नाही. स्त्रियांवरच्या हिंसाचाराचा अभ्यास करणारा आयोगही त्यांच्याच कार्यकाळात नेमला गेला, त्याच्या शिफारशींतून १९९८चे कायदे निघाले.

काही फसलं का?

फसलं. प्रत्येक नागरिकाला स्वतःचा ठरलेला कुटुंबडॉक्टर मिळावा म्हणून केलेला कायदा १९९४मध्ये लागू झाला. घाईघाईत झाला, प्रांतांच्या आरोग्य यंत्रणेला तो झेपला नाही आणि पुढच्या सरकारने रद्द केला. मनोरुग्णांना मोठ्या इस्पितळांतून बाहेर आणून नगरपालिकांवर जबाबदारी टाकणारी १९९५ची सुधारणाही याच मंत्रालयात शिजली. हेतू चांगला, पण पालिकांकडे माणसं आणि घरं पुरेशी नव्हती. अनेक जण मधल्यामध्ये लटकले.

१९९४नंतर ते पायउतार का झाले?

सप्टेंबर १९९४मध्ये सोशल डेमोक्रॅट ४५.२ टक्क्यांवर गेले आणि लोकपक्ष ७.२ टक्क्यांवर आला. वेस्टरबर्ग सोशल डेमोक्रॅटांसोबत सरकारमध्ये जायला तयार होते. देशाची तूट प्रचंड होती, मधल्या पक्षांनी एकत्र येऊन ती भरावी असं त्यांना वाटे. पण सोशल डेमोक्रॅटांचे नेते इंगवार कार्लसन यांनी एकपक्षीय सरकार करायचं ठरवलं. इकडे स्वतःच्या पक्षातही, आपण डावीकडे झुकलो की उजवीकडे, यावर धुसफूस होती. त्यांनी पद सोडलं आणि फेब्रुवारी १९९५मध्ये मारिया लेइसनेर अध्यक्ष झाल्या. लेइसनेर यांच्याविरुद्ध उभ्या होत्या आने विब्ले.

नंतर त्यांनी काय केलं?

पुन्हा निवडणूक लढवली नाही. अनेक संस्थांच्या मंडळांवर काम केलं, स्वीडिश रेड क्रॉसचं अध्यक्षपद सांभाळलं आणि परकीयांविषयीच्या द्वेषावर सरकारसाठी एक मोठा अहवाल २०१२मध्ये दिला. अहवालाचा विषय पाहिला की १९९१ची रात्र आठवतेच.

आज त्यांचा पक्ष कुठे आहे?

२०१०मध्ये स्वीडन डेमोक्रॅट हा, न्यू देमोक्रातीपेक्षा कितीतरी शिस्तबद्ध आणि स्थलांतरविरोधी पक्ष संसदेत आला. २०२१मध्ये लिबरालेर्नाने, त्या पक्षाच्या पाठिंब्यावर उभ्या राहणाऱ्या उजव्या सरकारसाठी तयारी दाखवली. २०२२च्या निवडणुकीत लिबरालेर्नाला ४.६ टक्के मतं मिळाली, स्वीडन डेमोक्रॅटांना २०.५. ऑक्टोबरमध्ये करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्यांत उदारमतवादी होते. वेस्टरबर्ग यांनी या वळणावर जाहीर टीका केली. पक्षातल्या दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की बाहेर राहून काहीच हाती लागत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकावं, पण मी कोणत्या बाजूची हे वर लिहिलेल्यावरून लपलेलं नाही.

आम्ही कामानिमित्त स्वीडनला आलो आहोत. यातलं आम्हाला काय लागू होतं?

पालक विमा नागरिकत्वावर नाही, तुम्ही तिथल्या सामाजिक विम्यात आहात की नाही यावर अवलंबून आहे. नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं त्यात येतात. एका मुलामागे एकूण ४८० दिवस, त्यांपैकी ३९० पगाराच्या प्रमाणात आणि ९० ठरावीक किमान दराने. प्रत्येक पालकासाठी ९० दिवस राखीव. मूल चार वर्षांचं झाल्यावर फक्त ९६ दिवसच पुढे नेता येतात, म्हणून साठवून ठेवण्याचा मोह आवरा.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आजी-आजोबांचा. जुलै २०२४पासून प्रत्येक पालक आपल्या वाट्यातले ४५ दिवसांपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ शकतो. पण ती व्यक्तीही स्वीडनच्या विम्यात असावी लागते. पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीला हा भत्ता मिळत नाही. वडिलांचे राखीव दिवसही तिच्या नावावर करता येत नाहीत, ते बाबांनाच घ्यावे लागतात.